गाडीत कोण होतं

रास्पबेरीचा भाव पडला, की त्या वर्षी मोरावित्साच्या खोऱ्यात गाड्या दरीत पडायला लागतात. उन्हाळाभर बायकामाणसांनी वाकून वाकून वेचलेला माल कोल्ड स्टोरेजवाला मातीमोल भावानं घेतो, शिव्या खातो, आणि पानगळ सुरू झाली की एखाद्याचा ट्रॅक्टर ओढ्यात कलंडतो. एखाद्याचा टेम्पो गवताच्या गंजीसकट पेट घेतो. एखाद्याची मोटार अंगणातून चोरीला जाते आणि चोर इतका भला असतो, की नवे टायर तेवढे काढून मालकाच्या गोठ्यात ठेवून जातो. मग विमा कंपनीचा सर्व्हेयर येतो. या खोऱ्यात तो सर्व्हेयर म्हणजे ओब्राद.

ओब्राद परका नव्हता. वर डोंगरावर गोर्ना लोक्वा म्हणून गाव आहे, तिथलाच. तरुणपणी त्यानं गॅरेजात पत्रा ठोकला, चेपलेली दारं सरळ केली, आणि पुढं परीक्षा देऊन सर्व्हेयर झाला. पत्र्यावरून तळवा फिरवला की मार कुठून बसला, कशाचा बसला, हे त्याला कळायचं. ही अक्कल लोकांना आवडत नसे, आणि ते त्यांनी त्याला वेळोवेळी दाखवूनही दिलं होतं. एका गिरणीवाल्यानं जॅकच्या दांड्यानं त्याचे पुढचे दोन दात पाडले होते. एका बाईनं डुकरांच्या खाद्यासाठी उकळलेलं पाणी त्याच्या पायावर ओतलं होतं. एकानं तर त्याला दिवसभर वळूच्या गोठ्यात कोंडलं. वळूचं विम्याशी काही घेणंदेणं नव्हतं, म्हणून ओब्राद वाचला.

त्याची बायको रोसांदा दर वेळी जखमेला पट्टी बांधायची आणि दर वेळी तेच विचारायची, की कंपनी काय तुझी सासुरवाडी आहे, एवढा जीव टाकायला? ओब्राद हसायचा. तोंडात दोन दात कमी असल्यामुळे ते हसू काही फारसं शोभून दिसत नसे.

त्या वर्षी मित्रोवदानच्या सणाच्या आठवडाभर आधी तिहोमिरची व्हॅन दरीत गेली.

तिहोमिर ओब्रादच्याच गावचा. खालच्या अंगाला घर, रास्पबेरीचा मोठा मळा, आणि माल वाहायला हप्त्यावर घेतलेली नवी थंड पेटीची व्हॅन. अंगानं आडदांड, हसला की सगळं अंगण हसायचं, आणि रागावला की कुत्री वळचणीला जायची. त्यानं सांगितलं ते असं, की पावसात वळणावर चाक घसरलं, व्हॅन खाली गेली, आत तो आणि त्याची बायको झिवाना दोघं होती. त्याला खरचटलंसुद्धा नाही. तिचा हात मोडला आणि तोंड फुटलं. गाडीचे आणि बायकोच्या जखमांचे, दोन्ही क्लेम त्यानं एकदमच लावले.

ओब्राद सकाळीच वळणावर गेला. पाऊस थांबला होता, पण माती अजून लोण्यासारखी सुटत होती. त्यानं एका बीचच्या झाडाच्या बुंध्याला दोर बांधला, कमरेला गाठ मारली आणि मागं पाय टाकत उतरायला लागला. काटेरी झुडपांनी हाताची सालटी निघाली. खाली व्हॅन कुशीवर पडली होती, पेटी फुटली होती, आणि रास्पबेरीच्या रिकाम्या क्रेट झाडाझाडांत अडकल्या होत्या. वर, रस्त्याच्या कडेला, तिहोमिर सिगारेट ओढत उभा होता.

ओब्राद फुटक्या काचेतून आत शिरला. आधी त्यानं सीटचे पट्टे पाहिले. माणूस बांधलेला असला आणि गाडी गडगडली, की पट्ट्यावर भाजल्यासारखा चरा उमटतो आणि तो पुन्हा नीट गुंडाळला जात नाही. हे दोन्ही पट्टे कारखान्यातून आल्यासारखे गुंडाळलेले होते. गिअर न्यूट्रलला. हँडब्रेक खाली. सीटवर रक्ताचा थेंब नाही, काचेला डोकं आपटल्याची खूण नाही. मग त्यानं काचेखालच्या फळीकडे पाहिलं.

फळीवर धुळीचा आणि सिगारेटच्या धुराचा चिकट थर होता, आणि त्या थराच्या मधोमध तळव्याएवढा एक स्वच्छ चौकोन. चौकोनाच्या दोन बाजूंना स्क्रूची दोन भोकं. या खोऱ्यात त्या जागी काय असतं ते कुणाला सांगावं लागत नाही. प्रवाशांना सांभाळणारा संत निकोला तिथं असतो, छोट्या चौकटीत. माणूस कंपनीला फसवतो, सरकारला फसवतो, बायकोला तर रोजच. पण स्वतःच्या हातानं आपला संत दरीत लोटायचं धाडस त्याला होत नाही. आदल्या दिवशी तो स्क्रू-ड्रायव्हर घेऊन बसतो, संताला हळूच उतरवतो आणि रुमालात गुंडाळून घरी नेतो. ओब्रादनं हे आधीही पाहिलं होतं आणि कुणालाच सांगितलं नव्हतं, नाहीतर पुढच्या वर्षीपासून सगळे संत दरीत गेले असते.

तो बाहेर निघतोय तेवढ्यात वरून आवाज आला. डोक्याएवढा दगड उड्या मारत आला, त्याच्या खांद्याला घासून गेला आणि व्हॅनच्या पत्र्यावर आदळला. ओब्राद चिखलात तोंडावर पडला. खांद्यात जाळ उठला.

"पाय सरकला रे माझा," वरून तिहोमिर म्हणाला. "लागलं नाही ना? जपून ये बाबा. खाली पडलेलं माणूस या दरीत वसंतातच सापडतं."

ओब्राद वर आला तेव्हा तिहोमिरनं स्वतः हात देऊन त्याला ओढून घेतलं आणि पाठीवरचा चिखल झटकला. मारणाऱ्यांपेक्षा असले चिखल झटकणारेच ओब्रादला नकोसे वाटायचे.

जखमी माणसाचा जबाब घ्यावाच लागतो, म्हणून तो तिहोमिरच्या घरी गेला. झिवाना चुलीजवळ बसली होती. उजवा हात प्लास्टरमध्ये, अर्धा चेहरा वांग्याच्या रंगाचा, ओठाला टाके. एका हातानं ती कांदा सोलायला बघत होती. भिंतीवर, मोठ्या तसबिरीच्या खाली, छोट्या चौकटीतला संत निकोला नव्यानंच टांगला होता आणि चौकटीच्या कडांना दोन्ही स्क्रू तसेच लोंबत होते. ओब्रादनं तिकडे पाहिलं आणि नजर काढून घेतली.

तिहोमिर बायकोच्या मागं उभा राहिला आणि त्यानं तिच्या मानेवर हात ठेवला. लांबून पाहणाऱ्याला ती माया वाटली असती. ओब्रादनं विचारलं, की वहिनी, कुठल्या बाजूला बसला होतात? ती म्हणाली, उजव्या, स्टिअरिंगच्या पलीकडच्या. मग उजव्या खांद्यावरून डाव्या कमरेपर्यंत पट्ट्याचा वळ असायला हवा होता. तिच्या झग्याचा गळा मोठा होता आणि खांदा पांढरा स्वच्छ होता. दंडावर मात्र चार बोटं उमटली होती, ओळीनं, आणि आतल्या बाजूला अंगठा.

बाहेर कुणीतरी हाक मारली, म्हणून तिहोमिर दारापर्यंत गेला. तेवढ्यात झिवाना खाली बघूनच बोलली.

"लिहून टाका ओब्रादभाऊ. मी होते गाडीत."

"वहिनी, गाडी रिकामी होती."

"तुम्ही काय ते लिहाल आणि घरी जाल. मी इथंच राहणार आहे. अजून एक हात शाबूत आहे माझा."

तिहोमिर परत आला, त्यानं राकिया या घरगुती दारूचा पेला भरला, आणि ओब्रादनं तो घेतला नाही. गावात पेला न घेणं म्हणजे उत्तर देण्यासारखंच असतं. तिहोमिरनं तो पेला स्वतःच रिकामा केला आणि सावकाश खाली ठेवला.

त्या रात्री ओब्रादचा डोळा लागला नाही. त्याला आई आठवत राहिली. त्याचा बाप तिला लगामाच्या चामड्यानं मारायचा, आणि एकदा तिची बरगडी फुफ्फुसात शिरली तेव्हा तालुक्याचा डॉक्टर आला होता. गाईनं लाथ मारली, असं बापानं सांगितलं. शेजाऱ्यांनी सांगितलं, आजीनं सांगितलं, पाद्रीसुद्धा मान हलवून हो म्हणाला. ओब्रादनं सगळं पाहिलं होतं. पण त्याला कुणी विचारलंच नाही. आई मेली, आणि गाय द्वाड ठरली म्हणून तिलाही कापली. मोठेपणी पत्र्याचं काम हाताशी असताना तो या धंद्यात आला, तो पगारासाठी नाही. इथं काय झालं हे विचारायला माणूस पाठवतात आणि त्यानं पाहिलेलं लिहून घेतात, असा हा एकच धंदा त्याला ठाऊक होता. रोसांदाला त्यानं हे कधी सांगितलं नव्हतं. बायको विचारते तेव्हा काही गोष्टी हसण्यावारीच जातात.

पण या खेपेला खरं लिहिलं तर मार झिवानाच्या अंगावर पडणार होता, आणि खोटं लिहिलं तर गाईनं लाथ मारली असं त्यानं स्वतःच्या सहीनं लिहिल्यासारखं होतं. रिपोर्ट सोमवारी द्यायचा होता. मित्रोवदान रविवारी होता.

मित्रोवदान हा ओब्रादच्या कुळाच्या संताचा दिवस. घरात आठवडाभर कामाची धांदल. रोसांदानं पडदे धुतले, चुलीची राख काढून कठडा घासला, खारवलेल्या कोबीच्या पिंपातला दगड काढून पानं वेचली. तिचा भाऊ मिलोये लाकूडतोड्या होता. तो कुऱ्हाड घेऊन आला आणि एका सकाळीत बीचची ढीगभर लाकडं फोडून रचून गेला. डुक्कर मारलं तेव्हा चौघांनी धरलं, आणि ओब्रादला दुखऱ्या खांद्यामुळे मागचा पाय धरायला दिला, तोही सुटला. मिलोये म्हणाला, दाजी, तू आपला कागदच धर. सगळे हसले. रोसांदा हसली नाही. आतडी धुता धुता ती नवऱ्याला हलक्या आवाजात म्हणाली, की घसरली म्हणून लिही आणि मोकळा हो, तिच्या नशिबात जे आहे ते तुझ्या शाईनं पुसणार आहे का? ओब्राद म्हणाला, बघू. रोसांदानं आतडं उलटं करून जोरात झटकलं.

शनिवारी तो राकियाची पिंपं आणायला म्हाताऱ्या रादिसावच्या भट्टीवर गेला. छपराखाली तांब्याचा हंडा उकळत होता, पाचसहा जण बाकांवर बसून बटाटे भाजत होते. त्यांत तिहोमिरही होता. तो उठला, हसत आला आणि ओब्रादचा डावा पंजा हातात घेऊन कुस्करल्यासारखा दाबला.

"सोमवारी काय लिहिणार, शेजारी?"

"पाहिलं ते."

तिहोमिरनं हसत हसतच तो पंजा हंड्याच्या झाकणावर नेऊन दाबून धरला. कातडी चरचरली. ओब्रादच्या तोंडून आधी आवाजच निघाला नाही, आणि निघाला तो त्याला स्वतःचा वाटला नाही. तिहोमिर त्याच्या कानाशी अगदी प्रेमानं सांगत होता, की बघ, तांबं किती तापतं ते, हे पण लिही. सोडलं तेव्हा तळव्याची साल झाकणावर राहिली. रादिसावनं ती चमच्यानं खरवडली, कारण राकियाला वास लागतो. बाकावरच्या एकानं बटाटा उलटला. कुणीच काही पाहिलं नव्हतं.

रोसांदानं तळव्याला चरबी लावली. ती लावताना रडली, मग रागावली, मग परत रडली. पोलिसांत जा म्हणाली. ओब्राद म्हणाला, साक्षीला कोण येईल, बटाटा?

रविवारी पाद्री सकाळीच येऊन उकडलेल्या गव्हाला आणि पावाला आशीर्वाद देऊन गेला. ओब्रादनं उजव्या हातानं मेणबत्ती लावली. या दिवसाचा नियम गावात सगळ्यांना माहीत आहे. आमंत्रण कुणाला नसतं, आणि आलेल्याला परत लावायचं नसतं. मेणबत्ती जळते आहे तोवर त्या घरात कुणी आवाज चढवत नाही, हात उगारत नाही. वैरी आला तरी त्याच्यापुढं गहू धरायचा, पेला भरायचा.

दुपारी सगळे जेवायला बसले होते. मिलोये होता, रादिसाव होता, भट्टीवरचे दोघंतिघं होते. फाटक वाजलं आणि तिहोमिर आत आला. धुतलेला सदरा, हातात वाइनची बाटली, मागं झिवाना, डोक्याला काळा रुमाल. सगळ्यांचे काटे क्षणभर थांबले. रोसांदानं नवऱ्याकडे पाहिलं. ओब्राद उठला, घरमालकानं म्हणायचं ते म्हणाला, आणि भाजल्या हातानं त्याच्यापुढं गव्हाचं ताट धरलं. तिहोमिरनं चमचाभर गहू घेतला, क्रूस केला आणि मेणबत्तीच्या बरोबर समोर बसला.

"जाड आणलीस," तो म्हणाला. "पुरेल संध्याकाळपर्यंत. मला घाई नाही."

रादिसाव हसला. मिलोयेही हसला, कारण त्याला कळलं नव्हतं. ओब्रादला कळलं, आणि रोसांदाला. सूप आलं, खिमा भरलेली कोबीची पानं आली, भाजलेलं डुक्कर आलं. तिहोमिर पोटभर खात होता आणि मधूनमधून मेणबत्तीकडे बघत होता. झिवानाच्या ताटातलं जागचं हललं नव्हतं. डाव्या हातात काटा धरून ती नुसती बसली होती. ती जेवत नाही हे पाहून रादिसाव म्हणाला, बिचारी वाचली हेच खूप, त्या दरीतून कोण वाचतं.

मग तिहोमिरनं हकिगत सांगितली. छान सांगितली. चाक कसं घसरलं, त्यानं स्टिअरिंग कसं गर्रकन फिरवलं, झिवाना कशी किंचाळली, आणि उलटत्या गाडीत संताचं नाव घेऊन त्यानं तिला कसं छातीशी धरलं. भट्टीवरचा एकजण डोळे पुसायला लागला. तिहोमिरनं पेला उचलला, ओब्रादकडे बघितलं आणि सगळ्यांसमोर बायकोला म्हणाला, "सांग ना. तुझ्या तोंडानं सांग यांना."

झिवानानं मान वर केली. ती मेणबत्तीकडे बघत होती. या घरात, या दुपारी, तिच्या अंगाला कुणी हात लावू शकत नाही, हे तिच्या ध्यानात आलं असावं. असली दुपार तिला लग्नानंतर क्वचितच मिळाली असेल.

"मी नव्हते गाडीत," ती म्हणाली.

तिहोमिर हसला, खरंच हसला, आणि तसाच हसत त्यानं हातातला पेला तिच्या तोंडावर मारला. टाके उसवले. ती खुर्चीसकट मागं गेली, तिच्या कोपरानं टेबलावरचं फडकं ओढलं, आणि मेणबत्ती पावावर पडून विझली.

ओब्राद बसल्या जागेवरून उठला तो स्टूल घेऊनच. भाजलेल्या तळव्यात लाकूड शिरत होतं, तरी त्यानं ते दोन्ही हातांनी धरलं आणि तिहोमिरच्या कानशिलावर घातलं. जन्मात त्यानं कुणाला मारलं नव्हतं, आणि ते सोपं निघालं याची त्याला लाज वाटली, पण ती नंतर. तिहोमिर गुडघ्यावर आला. मग सगळेच तुटून पडले. मिलोयेनं त्याला सदऱ्याला धरून ओसरीवर ओढलं आणि कठड्यावर त्याचं नाक आपटलं, पुन्हा आपटलं. भट्टीवरचे दोघं बुटांनी बरगड्या शोधत होते. रादिसाव म्हातारा काठीनं मिळेल तिथं हाणत होता आणि रडत होता.

"संतासमोर!" तो ओरडत होता. "मेणबत्तीसमोर, कुत्र्या!"

ते ऐकून ओब्रादचे हात खाली आले. कुणीच झिवानाचं नाव घेत नव्हतं. काल तांब्यावर त्याचा पंजा जळताना जे बटाटे उलटत होते, आणि इतकी वर्षं खालच्या घरातून किंकाळ्या आल्या की जे रेडिओ मोठा करत होते, तेच आता एका विझलेल्या वातीसाठी माणूस मारत होते. त्यानं मिलोयेला मागं खेचलं. आत रोसांदा एकटी जमिनीवर बसून झिवानाचं डोकं मांडीवर घेऊन रक्त टिपत होती.

रोसांदानंच अँब्युलन्सला फोन केला. अँब्युलन्स तालुक्याहून येईपर्यंत पुरुष अक्रोडाखाली जमले आणि त्यांचं ठरलं. तिहोमिर प्यायला होता, ओसरीवरून पडला. बायको सावरायला गेली, तीही पडली. मिलोये स्वतः जाऊन तिहोमिरच्या कानाशी हे बोलून आला. त्याचं नाक गालावर गेलं होतं, एक डोळा मिटला होता, जबडा धड हलत नव्हता, पण डोकं चालत होतं. तो म्हणाला, कबूल. आणि गाडी घसरली, हेही कबूल करा, म्हणजे मिटलं. मिलोये परत येऊन म्हणाला, मिटलं.

अँब्युलन्सबरोबर पोलिसांची जीप आली. हवालदार तरुण होता, या खोऱ्यातला नव्हता. त्यानं टोपी काढून विझलेली मेणबत्ती, सांडलेली वाइन, ओसरीवरचं रक्त पाहिलं. रादिसावनं लगेच सुरू केलं, की उतार निसरडा, पोरगा प्यालेला. बाकीच्यांनी माना हलवल्या. हवालदारानं लिहायला घेतलं, मग थांबला.

"घरमालक कोण?"

"मी," ओब्राद म्हणाला.

"तुम्ही सांगा, काय झालं?"

मिलोये त्याच्या पाठीशी येऊन उभा राहिला. दाजी, तो पुटपुटला, मारामारीत नाव आलं तर तुझं लायसन्स जाईल, आणि गावात पत्रा ठोकायलासुद्धा कुणी दारात उभं करणार नाही. ते खरंच होतं. ओब्रादला ते आधीच कळलं होतं. स्ट्रेचरवरून तिहोमिरचा एक डोळा त्याच्याकडे बघत होता. पुढल्या आठवड्यात तिहोमिर दवाखान्यातून घरी येईल, भिंतीवरच्या निकोलाखाली बसेल, आणि झिवाना चुलीजवळ असेल.

"तो पडला नाही," ओब्राद म्हणाला. "आम्ही मारला. पहिला मी, या स्टुलानं. त्यानं बायकोचं तोंड फोडलं म्हणून. सगळ्यांनी पाहिलंय. आणि काल माझा हात रादिसावच्या भट्टीवर भाजला तोही यानंच, तेही सगळ्यांनी पाहिलंय. त्याची व्हॅन रिकामी होती. ती मी पाहिलीय."

मिलोयेनं त्याच्या आईवरून शिवी दिली. रादिसाव क्रूस करायला लागला आणि अर्ध्यावर थांबला. हवालदारानं सगळ्यांकडे एकेक करून पाहिलं आणि मग खुर्चीवर बसलेल्या झिवानाजवळ गेला. तिच्या ओठाशी टॉवेल होता. त्यानं विचारलं, की बाई, हात कसा मोडला? तिनं तिहोमिरकडे पाहिलं. मग टॉवेल बाजूला केला.

"मी चुलीवर मिरच्यांचं आयवार, चटणी, ढवळत होते," ती म्हणाली. "तो बाहेरून आला. म्हणाला, जरा हात दे. मला वाटलं, काही धरायला हवंय." तिनं टॉवेलनं ओठ टिपला. "मी दिला."

हवालदारानं पेन कागदाला लावलं नाही लगेच. स्ट्रेचर उचलणारे दोघं जागच्या जागी थांबले. मग त्यानं लिहिलं, आणि ओब्राद व मिलोये दोघांना जीपमध्ये बसायला सांगितलं. मिलोये बसला आणि म्हणाला, या घराचा उंबरा मी परत चढणार नाही. बेड्या भाजल्या हाताला लागत होत्या, म्हणून हवालदारानं त्या सैल केल्या.

अँब्युलन्स तिहोमिरला घेऊन गेली. पाहुणे टोप्या घालून, एकमेकांकडे न बघता फाटकातून निघून गेले. जीप वळली तेव्हा ओब्रादला खिडकीतून आतलं टेबल दिसलं. रोसांदा झिवानाच्या ताटातलं मांस सुरीनं बारीक बारीक कापत होती, आणि झिवाना डाव्या हातानं खात होती.